पावलांकडे पाहताना

प्रदर्शनात चित्रे आणि शिल्पे मिळून तीसेक कलाकृती होत्या, सर्वांचा विषय नृत्य हाच होता, आणि तरीही निम्म्याहून अधिक चित्रांत नर्तिकेची पावले कुठेच दिसत नव्हती. कुठे ती घागऱ्याच्या घेरात गडप झाली होती, कुठे निळसर धुक्यात विरून गेली होती, तर कुठे चित्राची चौकटच घोट्याच्या वर संपली होती. हात मात्र प्रत्येकाने मन लावून रंगवले होते. मुद्रांची बोटे, बोटांना लावलेला आलता, बांगड्यांवरची चमक, डोळ्यांतले काजळ या साऱ्यावर वेळ खर्च झालेला दिसत होता. हे एकदा ध्यानात आल्यावर मला पुढचे पाहणे तसेच चालू ठेवता येईना. मी परत दारापाशी गेले आणि चेहरे, दागिने, रंगसंगती हे सगळे बाजूला ठेवून केवळ पावले शोधत नव्याने निघाले.

संक्रांतीचा आठवडा होता. सोलापूर, कोल्हापूर आणि कलबुर्गीकडच्या काही चित्रकार-शिल्पकारांनी मिळून सोलापूरच्या मध्यवस्तीतल्या एका लहानशा दालनात हे प्रदर्शन मांडले होते. होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असल्यामुळे गर्दीचा ओघ तिकडेच होता, तरी त्यातून वाट वाकडी करून येणारेही बरेच होते. नाटकाला आणि यात्रेला सोलापूरकर आपणहून जातो, चित्र पाहायला जायचे म्हटले की त्याला काही कारण लागते. या वेळी विषयच नृत्याचा असल्याने नृत्यवर्गांतल्या मुली आपापल्या आयांना घेऊन आल्या होत्या आणि दालनात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषांतून मते व्यक्त होत होती.

सगळ्याच चित्रांविषयी लिहिण्यासारखे नाही. पाठीमागे पूर्णचंद्र आणि पुढे गिरकी घेणारी सडपातळ आकृती, अशी मांडणी असलेली पाच-सहा चित्रे होती. रंगाचे जाड थर सुरीने ओढले की गतीचा आभास होतो, ही समजूत त्यांत सर्वत्र दिसत होती. अशा चित्रांत बाई नाचत नसते, तिचे कपडे नाचत असतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर ती शोभतीलही, पण त्यांच्यापुढे थांबावे असे काही त्यांत नव्हते.

थांबायला लावले ते एका मोठ्या तैलचित्राने, आणि तेही चित्रातल्या चुकीमुळे. भरतनाट्यमची वेशभूषा केलेली तरुणी त्यात जवळजवळ पूर्णाकृती रंगवली होती. पंख्यासारखी उलगडलेली निऱ्यांची घडी, कमरपट्टा, पाठीवरची वेणी, सारे अगदी बारकाईने आले होते. माझ्या शेजारी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आपल्या आईचा हात धरून उभी होती. तिने चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि मग आईला न सांगता मलाच सांगितले, “काकू, ही पडेल.”

“का गं?” मी विचारले.

“हिची अरमंडी चुकलीय. गुडघे बाहेरच्या बाजूला उघडायला पाहिजेत, हिचे पुढे आलेत. आणि हिने भार टाचेवर टाकलाय का चवड्यावर, तेच कळत नाही. आमच्या ताई असं उभं राहू देत नाहीत.”

आईने तिला दटावले, पण मुलगी बरोबर बोलत होती. अरमंडी म्हणजे अर्धे बसून उभे राहणे. टाचा जवळ, पावले बाहेरच्या अंगाला वळलेली, गुडघे दोन बाजूंना उघडलेले, पाठ ताठ, आणि सगळा भार दोन्ही पायांवर सारखा. भरतनाट्यमचा बराचसा नाच या बैठकीतून निघतो आणि तिच्यातच परत येतो. ती नीट जमेपर्यंत मांड्या भरून येतात, आणि मुलींच्या शिक्षणाची पहिली काही वर्षे प्रामुख्याने तिच्यावरच जातात. चित्रकाराने बहुधा छायाचित्र समोर ठेवून काम केले असावे. कॅमेऱ्याने जे सपाट केले तेच त्याने रंगात उतरवले, आणि शरीर जमिनीला कुठे टेकते हा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही.

प्रत्येक नृत्यप्रकाराचा जमिनीशी असलेला व्यवहार वेगळा असतो. कथकमध्ये गुडघे सरळ असतात, शरीर ताठ उभे असते आणि तत्कारात, म्हणजे पायांनी धरलेल्या ठेक्यात, पाऊल सपाट आपटते. अरमंडीत शरीर जणू भुईत रोवलेले असते. ओडिसीच्या त्रिभंगात मान, कंबर आणि गुडघा तीन दिशांना जातात आणि भार एका पायावरून दुसऱ्यावर सरकत राहतो. आपल्या लावणीत नऊवारीचा काष्टा घट्ट ओढलेला असल्याने घोटे मोकळे राहतात आणि घोट्यांवर चाळ असते, त्यामुळे प्रेक्षकाची नजर खाली गेल्यावाचून राहत नाही. चित्रकारालाही तिथे पळवाट उरत नाही. घागऱ्यात पाय लपतात, काष्ट्यात लपत नाहीत.

के. के. हेब्बर यांची रेखाटने मला या संदर्भात नेहमी आठवतात. १९११ साली उडुपीजवळ जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे हे चित्रकार लय समजून घ्यायची म्हणून स्वतः पंडित सुंदर प्रसाद यांच्याकडे कथक शिकले होते. रंगमंचावर जाण्याचा त्यांचा काही विचार नव्हता. नंतरच्या त्यांच्या रेषेत, हात न उचलता एका दमात काढलेल्या वाटाव्यात अशा नर्तकांच्या आकृतींत, तपशील जवळजवळ नसतो. चेहरा नसतो, दागिना नसतो, कधी कधी बोटेही नसतात. पण कोणत्या पायावर भार आहे हे मात्र क्षणात कळते. रेषा तिथे किंचित जाड होते किंवा वळण घेताना थबकते. ते तत्कार ज्याच्या स्वतःच्या तळपायांनी सोसले आहेत, त्यालाच हे रेषेत आणता येत असावे, असे मला वाटते. प्रत्येक चित्रकाराने नाच शिकावा असा आग्रह नाही. पण छायाचित्र समोर ठेवण्याआधी निदान एक संध्याकाळ एखाद्या नृत्यवर्गाच्या कोपऱ्यात बसून काढायला काय हरकत आहे?

शिल्पांच्या बाजूला आल्यावर हा प्रश्न वेगळ्या रीतीने समोर आला, कारण शिल्पकाराला भाराविषयी खोटे बोलता येत नाही. चित्रातली नर्तिका पडेल असे वाटले तरी पडत नाही; शिल्पातली खरोखरच पडते. एका पायावर उभी असलेली, दुसरा पाय मागे दुमडलेली, दोनेक फुटांची एक काशाची मूर्ती तिथे होती आणि तिचा शिल्पकार शेजारीच स्टुलावर बसला होता. एरवी हंगामात तो गणपती करतो असे बोलण्यातून कळले. चवड्याएवढ्या जागेवर ही एवढी मूर्ती कशी तोलली, असे मी विचारले, तर तो म्हणाला, “मॅडम, आधी मूर्ती उभी राहायला पायजे की ओ. नाचायचं नंतर. नंदीध्वज पेलणाऱ्याला विचारा तुम्ही. काठी वर आभाळात असती, पण सगळा खेळ कंबरंत आन् पायात.”

बाहेर त्याच आठवड्यात सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदी घातलेले मानकरी कमरेच्या आधाराने ते उंच नंदीध्वज तोलून चालत होते, त्यामुळे हा दाखला मला त्या जागी फार चपखल वाटला. काठीचा शेंडा डोलतो तो पाहणाऱ्यांसाठी. पेलणाऱ्याचे सगळे लक्ष खाली असते.

मग त्याने मला माध्यमांमधला फरक समजावून सांगितला. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून दगडात एका घोट्यावर सगळे शरीर तोलू पाहिले तर तो घोट्यातच तुटतो, आणि म्हणूनच आपल्या देवळांवरच्या नाचणाऱ्या स्त्रिया बहुतेक वेळा भिंतीला, खांबाला किंवा मागच्या शिळेला धरून असतात. हे ऐकताना निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरावरच्या सुरसुंदरी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. होयसळ राजा विष्णुवर्धनाने १११७ साली उभारलेल्या बेलूरच्या मंदिरातल्या मदनिकाही तशाच. छपराच्या वळचणीखाली तिरप्या बसवलेल्या त्या आकृती इतक्या मोकळ्या दिसतात की त्या शिळेतून सुटल्या आहेत असे भासते; पण वेलींचे तोरण आणि पाठीमागची शिळा त्यांना धरून ठेवते. तिथला दगड खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून बांगडीसुद्धा हातापासून सुटी कोरता आली. पायाखालचा आधार मात्र कुणी काढून घेतलेला नाही.

धातूचे तसे नाही. धातू ताण सोसतो. म्हणूनच चोळ काळातला नटराज डावा पाय उचलून, उजव्या पायाखाली अपस्मार या बुटक्या राक्षसाला दाबून उभा राहू शकतो. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजताना मेण वितळून वाहून जाऊ द्यायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही ती रीत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त या ओतकामाचे वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथात नृत्याचेही प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या हैदराबाद रस्त्यावरचे. मूर्ती कशी ओतावी आणि नाच कसा असावा, या दोन्हींचा विचार एकाच राजाने करून ठेवावा आणि तेही इतक्या जवळ, याचे मला अप्रूप वाटते. सोलापुरात त्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो.

ही रीत त्याहूनही फार जुनी आहे. मोहेंजोदडो इथे १९२६ साली सापडलेली ती सुप्रसिद्ध काशाची मूर्ती, जिला सगळे जग नर्तकी म्हणून ओळखते, ती याच रीतीने ओतलेली आहे. उंची अवघी साडेदहा सेंटिमीटर. डावा हात बांगड्यांनी खांद्यापर्यंत भरलेला, उजवा कमरेवर, मान किंचित मागे. ती नाचत असल्याचा कोणताही पुरावा मूर्तीत नाही. शोधणाऱ्यांना तसे वाटले आणि ते नाव चिकटले. तिची पावलेही तुटून गेलेली आहेत. पावले असती तर ती नाचणार होती, नुकतीच थांबली होती की केवळ कुणाची तरी वाट पाहत उभी होती, याचा काही अंदाज बांधता आला असता.

पावलांचा खरा कोश तंजावरला आहे. राजराज चोळाने बांधलेले आणि १०१० साली पूर्ण झालेले बृहदीश्वराचे देऊळ त्याच्या शिखरासाठी प्रसिद्ध आहे. पण गाभाऱ्याभोवतीच्या वरच्या मजल्यावरच्या अरुंद मार्गात नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे हात-पायांच्या एकत्रित हालचालींपैकी, ८१ करणे कोरलेली आहेत, आणि तिथे नाचतो तो खुद्द शिव. उरलेल्या करणांसाठी ठेवलेले दगड कोरेच राहिले. काम का थांबले कुणास ठाऊक. मला त्याहून अधिक मोलाचा वाटतो तो त्याच देवळाच्या भिंतीवरचा शिलालेख. देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणांहून आणून वसवलेल्या ४०० नर्तिकांची नावे त्यात आहेत. कोणती कुठल्या देवळातून आली, कोणत्या गल्लीतल्या कितव्या घरात राहते, हेही आहे, आणि प्रत्येकीला धान्याचा वाटा नेमून दिलेला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या नाचणाऱ्या बाईचे नाव आणि पत्ता आपल्याला कळतो. त्या दालनातल्या तीस कलाकृतींपैकी एकीच्याही खाली तिच्यात साकारलेल्या स्त्रीचे नाव नव्हते. चित्रकारांची नावे ठळक अक्षरांत होती आणि किमतीही होत्या.

नाव कळले तर काय होते, याचे उदाहरण पॅरिसचे आहे. एदगार देगा याने आयुष्यभर बॅले नर्तिका रंगवल्या. त्याच्या हयातीत त्याने प्रदर्शनात मांडलेले एकमेव शिल्पही एका चौदा वर्षांच्या नर्तिकेचे होते. १८८१ साली ते लोकांसमोर आले तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाके मुरडली. जवळजवळ मीटरभर उंचीची मेणाची मुलगी, तिला खरे केस, अंगात खरी चोळी आणि कापडी झगा, पायांत कापडी जोडे. तिची त्यांनी माकडाशी तुलना केली. ती नाचत नाही. एक पाऊल पुढे बाहेरच्या अंगाला वळवलेले, भार मागच्या पायावर, हात पाठीमागे गुंफलेले, हनुवटी वर. नाचाच्या दोन टप्प्यांमधला, शिक्षक बोलत असताना उभे राहण्याचा हा क्षण असावा. मुलीचे नाव मारी व्हान गोथेम. तिची आई धुणी धुवायची, आणि शिल्प मांडल्याच्या पुढच्याच वर्षी तालमी चुकवल्याबद्दल मारीला ऑपेरातून काढून टाकले गेले. त्यानंतर तिचा माग लागत नाही. शिल्पाची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा मेणाच्या आत सांगाडा म्हणून तार आणि दोरीबरोबरच रंगाचे जुने कुंचलेही खुपसलेले आढळले. हे मी आमच्या गणपतीवाल्या शिल्पकाराला सांगितले तेव्हा तो मनापासून हसला आणि म्हणाला, “हाताला लागंल ते घालतो की आपण पण.”

प्रदर्शनातले सर्वांत चांगले चित्र कोपऱ्यात, पंख्याच्या बटणांशेजारी लावलेले होते. आकार मोठा नव्हता. कनातीच्या आड पत्र्याच्या पेटीवर बसलेली लावणी कलावंत वाकून उजव्या पायाला चाळ बांधते आहे. चेहरा अर्धाच दिसतो, कारण ती खाली पाहते आहे. साडी भडक गुलाबी असली तरी चित्रात उजेड आहे तो पायावर. डाव्या पायाची चाळ आधीच बांधून झालेली आहे आणि तो पाय तिने जरा लांब सोडला आहे, टाच जमिनीत रुतवून. चाळीचे वजन चित्रकाराने ज्या रीतीने दाखवले आहे ते मला फार आवडले. घोट्यावर पट्टी जिथे आवळली आहे तिथली कातडी किंचित काळवंडलेली आहे, आणि पावलाच्या कडेला भेगा आहेत. चंद्र नाही, धुके नाही. कनातीच्या फटीतून प्रेक्षकांच्या बाजूचा पिवळा दिवा तेवढा दिसतो.

हे चित्र सोलापुरात लागावे यात एक औचित्य आहे. लावणीला ज्यांनी उंची दिली ते शाहीर राम जोशी सोलापूरचे. विठाबाई नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, मध्येच कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे आणि ती बहुतेक वेळा कौतुकाने सांगितली जाते. मला त्यात कौतुकापेक्षा धास्ती अधिक वाटते. त्या अवस्थेत बाईला नाचायला लावणाऱ्या प्रेक्षकाविषयी त्या हकिगतीत एक अवाक्षरही नसते. पुण्याच्या रस्त्यावरच्या मोडनिंबच्या कला केंद्रांत आजही संगीतबारी, म्हणजे बैठकीतल्या लावणीचा कार्यक्रम, चालते. पण सभ्य घरातली माणसे त्या गावाचा उल्लेख करताना आवाज खाली आणतात, आणि त्याच घरातल्या मुलींच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमची, म्हणजे पहिल्या जाहीर सादरीकरणाची, पत्रिका मात्र छापून वाटली जाते. पायातले घुंगरू तेच, घामही तोच.

दालनातही ही विभागणी दिसत होती. फायबरच्या नटराजावर विकला गेल्याची लाल टिकली लागली होती, चंद्राच्या दोन चित्रांवरही लागली होती. कोपऱ्यातल्या चित्रापुढे एका गृहस्थांनी आपल्या पत्नीला हलक्या आवाजात “पुढं चल” म्हटलेले मी ऐकले. पत्नी मात्र थांबली आणि तिने अगदी वाकून घोट्यावरची ती पट्टी, तिची गाठ, पायाची बोटे असे सगळे पाहून घेतले. (आणखी एक उणीव नमूद करायलाच हवी: प्रदर्शनभर नाचणारा एकही पुरुष नव्हता, एका नटराजाचा अपवाद सोडला तर. ज्या जिल्ह्यात हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेला ढोलांच्या तालावर धनगर मंडळी नाचतात आणि गजनृत्यात डझनावारी पुरुष एकाच वेळी पाऊल टाकतात, तिथल्या चित्रकारांना ती पावले दिसू नयेत, हे नवल आहे.)

निघताना संयोजकांपैकी एक जण भेटले. प्रदर्शन पुढच्या महिन्यात पुण्याला न्यायचे ठरते आहे, असे ते सांगत होते. मी त्यांना सुचवले की वाटेत एक दिवस मोडनिंबला थांबा. तिथल्या बायकांना ही चित्रे दाखवा, त्यांचे म्हणणे उतरवून घ्या, आणि कोपऱ्यातल्या चित्रात जी बसली आहे तिचे नाव चित्रकाराला ठाऊक असेल तर तिची परवानगी घेऊन ते खाली लिहा. ते जरा चपापले, मग “तिथं हॉल कुठला मिळणार?” असे म्हणाले. हॉल कशाला हवा, कला केंद्रातली एक बैठक दुपारी रिकामीच असते, असे शिल्पकाराने परस्पर सांगून टाकले. त्याने गणपती पोचवायला त्या भागात फेऱ्या केलेल्या असल्यामुळे त्याला रस्ता पाठ होता. टेम्पो पुण्याला जाणार तो मोडनिंबवरूनच जाणार, भाड्यात काही वाढ होणार नाही, फक्त नटराज नीट बांधून न्यावा लागेल, असा हिशेब त्याने तिथेच मांडला.